सात नंबरच्या घरचे डास

आषाढी पौर्णिमेला वर्षावास सुरू झाला आणि दुसऱ्या दिवशी सकाळी मी काळी वाटी पुन्हा न्हाणीच्या कोपऱ्यात, निळ्या टिपाडामागे ठेवली. वाटीत दोन पेले पाणी घातलं. आतल्या बाजूने खरखरीत कागदाची चार बोटं रुंद पट्टी लावली, अर्धी पाण्यात, अर्धी वर. पट्टीच्या टोकाला पेन्सिलीने तारीख लिहिली. या कामाला मी आता शाई वापरत नाही.

टिपाड म्हणजे दोनशे लिटरचा प्लास्टिकचा ड्रम. आमच्या गल्लीत ज्याच्या दारात टिपाड नाही असं घर नाही. लातूरला नळ रोज येत नाही. आमच्याकडे आठ दिवसांनी येतो, कधी दहा दिवसांनी, आणि मग आलेलं सगळं पाणी कुठेतरी थांबवून ठेवावं लागतं. टिपाडात, घागरीत, बादलीत, पिंपात, शेवटी तांब्यातसुद्धा. थांबलेलं पाणी आणि डास यांचं नातं सगळ्यांना माहीत आहे. त्या नात्यात मी कसा शिरलो आणि शिरल्यावर माझं डोकं जे गोंधळलं ते अजून जागेवर का आलेलं नाही, हे मात्र मला नीट सांगता येत नाही. पाऊसकाळ परत आला, विहारात संध्याकाळचं वाचन सुरू झालं, आणि काळी वाटी हातात घेताच मागचं वर्ष जसंच्या तसं वर आलं. ते आहे तसं लिहून काढतो.

मी पाटबंधारे खात्यात आहे. औशाच्या बाजूला एक लहान तलाव आहे, त्याच्या पाण्याची पातळी रोज सकाळी लिहून घेणं हे माझं काम. पाण्यात उभ्या केलेल्या पट्टीवर पाणी कोणत्या रेघेला लागलं आहे ते पाहायचं आणि वहीत मांडायचं. त्याआधी सव्वीस वर्षं हेच काम मी नांदेड जिल्ह्यात केलं. एवढ्या वर्षांत माझा एकच नियम राहिला, न पाहिलेला आकडा लिहायचा नाही. तापाने पडलो तर त्या दिवसाचा रकाना कोरा सोडायचो. वरचे साहेब म्हणायचे, अंदाजे टाका की, काल होतं तेवढंच आज असणार. असेलही. पण मी पाहिलेलं नसायचं. दुसरा नियम खाडाखोडीचा. चुकलेला आकडा गिरवायचा नाही, खरडून काढायचा नाही. त्याच्यावर एक आडवी रेघ मारायची, खालचा आकडा दिसला पाहिजे, आणि शेजारी बरोबर आकडा लिहायचा. प्रज्ञाला, म्हणजे माझ्या मुलीला, मी लहानपणी पाढ्यांच्या वहीत हेच करायला लावलं. तिच्या आईला याचं हसू यायचं. पोरगी सातवीत असताना तिची वही म्हणजे जणू धरणाची नोंदवही.

मागच्या वर्षी वैशाखात माझी बदली नांदेडहून लातूरला झाली. टेम्पोत सामान भरलं. रिकामं टिपाड नेणं म्हणजे जागा वाया घालवणं, म्हणून प्रज्ञाच्या आईने त्यात गोधड्या कोंबल्या. टिपाड नांदेडच्या घरामागे पन्हाळीखाली उभं असायचं. नदीकाठच्या गावात पाण्याची ददात नव्हती, त्यामुळे ते कधी अर्धं भरलेलं, कधी पाऊण. निघण्याआधी पाणी ओतून दिलं, चार दिवस उन्हात वाळवलं. घासलं नाही. आत गोधड्याच जायच्या होत्या.

प्रज्ञा नांदेडलाच राहिली. एम.एस्सी.चं शेवटचं वर्ष, वसतिगृह, आणि डासांचा अभ्यास. वेगवेगळ्या गावचे डेंग्यूचे डास एकसारखेच असतात का, हा तिचा प्रश्न होता. मला तो प्रश्नच कळला नाही. डास तो डास. पायावर पांढरे पट्टे, दिवसा चावतो, बसला की मागचे पाय जरा वर उचलतो. ती म्हणाली, बाहेरून सारखेच दिसतात पप्पा. पण एक मादी एका वेळी किती अंडी घालते, ती वाळवून ठेवली तर पुढे किती फुटतात, लातूरचा नर आणि नांदेडची मादी एकत्र ठेवली तर काय होतं, आणि त्यांच्या आत बारीक अक्षरात जे लिहिलेलं असतं ते सारखं असतं का, हे बघायचंय. आत लिहिलेलं एका पायावरूनसुद्धा वाचता येतं म्हणे. डासाच्या एका पायावरून.

तिची आई स्वयंपाकघरातून म्हणाली, "म्हणजे सोयरीक जुळते का बघून राहिली म्हण की."

प्रज्ञाने नांदेडमधली चार घरं घेतली, त्यात तिच्या मामाचं घर दोन नंबर. किनवटकडची दोन ठिकाणं घेतली, तिथल्या आश्रमशाळेच्या वसतिगृहातली. तिकडे जंगल आहे, आणि तिथल्या काही डासांच्या पाठीवर एकच सरळ पांढरी रेघ असते, ती जातच वेगळी, असं तिने सांगितलं. लातूरची दोन घरं माझ्यावर सोपवली, दोन्हीकडे काळी वाटी आणि पट्टी लावायची, पट्टीवर पडलेली अंडी मोजायची. शेजाऱ्यांचं आठ नंबर. आमचं सात नंबर.

पट्टीवरची अंडी पहिल्यांदा भिंगातून पाहिली तो दिवस मला आठवतो. साध्या डोळ्यांना नुसती काळी भुकटी. शिसपेन्सिलीला टोक करताना कागदावर पडते तशी. भिंग धरलं आणि त्या भुकटीचे दाणे झाले, लांबट, चकचकीत, एकेक वेगळा. मी खिडकीत बसून सुईच्या टोकाने एकेक दाणा ओलांडत मोजत गेलो. दहा झाले की कागदावर एक रेघ. पहिल्या पट्टीवर साठ भरले. पुन्हा मोजले, साठच. एवढं समाधान मला मोठ्या धरणाची पातळी लिहितानाही झालं नव्हतं.

सगळ्यात नवल वाटलं ते अंडी घालायच्या जागेचं. मी समजत होतो डास पाण्यात अंडी घालतात. ही मादी पाण्यात घालत नाही. पाणी जिथे टेकलेलं असतं त्या रेघेच्या थोडं वर, ओलसर भिंतीवर, एकेक चिकटवत जाते. पाणी चढेल, अंडी भिजतील, मग फुटतील, असा तिचा हिशेब. पाणी नाहीच चढलं तर अंडी वाळून तशीच चिकटून राहतात, महिनोन्महिने. आणि सगळी एकदम फुटतही नाहीत. काही पहिल्या पाण्याला फुटतात, काही दुसऱ्या पाण्याची वाट बघतात. मी प्रज्ञाला म्हणालो, ही तर आमच्या खात्यातली बाई दिसते, पातळी बघून काम करते. मग मला वाटलं, लातूरच्या माद्यांना आमच्या नळाचा आठवडा कळत असेल, त्यांची अंडी जास्त दम धरत असतील. हेही मी तिला उत्साहाने सांगितलं. ती हसली नाही. एका घरावरून असं म्हणता येत नाही, एवढंच म्हणाली. तिचं बरोबर होतं. मीच तिला तसं वाढवलं होतं.

तो वर्षावास असा गेला. संध्याकाळी गल्लीतल्या विहारात आम्ही दोघं जायचो. तीन महिने रोज थोडं वाचन, त्याआधी पंचशील. सगळ्यांबरोबर मीही म्हणायचो, जीव घेण्यापासून दूर राहीन. आणि शनिवारी सकाळी कोरडा दिवस पाळायचा, म्हणजे सगळी भांडी रिकामी करून घासायची, डासांची पिढी मोडायची. महानगरपालिकेची माणसं येऊन सांगून जात आणि ते योग्यच आहे, गल्लीत दोघांना डेंग्यू झालेला होता. पण लातूरचा कोरडा दिवस कोरडा नसतो. आठ दिवसांच्या मापाचं पाणी कोण ओतून देतं? आमच्याकडे टिपाडातलं पाणी फडक्यातून गाळून घागरीत, घागरीतलं बादलीत, बादलीतलं पिंपात असं फिरतं, भांडं घासलं जातं आणि तेच पाणी परत येतं. मी एकीकडे टिपाड घासत होतो आणि दुसरीकडे वाटीत डासांना अंडी घालायला कागद लावून देत होतो. प्रज्ञाची आई एकदा विहारातून येताना म्हणाली, "मोजून मारायचे का मोजून पाळायचे, ते एकदा ठरवा बरं तुम्ही." शेजारची बाई हसली. मीही हसलो.

टिपाड घासायचं, पण वरून वाकून हात पोचेल तेवढंच. तळाजवळची दीड वीत राहायची. हे मी तेव्हा मनावर घेतलं नव्हतं.

भाद्रपदात मी दोन पट्ट्या घेऊन नांदेडला गेलो. एसटी लोह्याला थांबली तेव्हा सगळे चहाला उतरले, मी पिशवी मांडीवर घेऊन आतच बसलो. प्लास्टिकच्या दोन बंद पुड्या, प्रत्येकीला रबराने बांधलेली चिठ्ठी, चिठ्ठीवर घराचा नंबर, तारीख, अंड्यांचा आकडा. आठ नंबरच्या घरची पुडी मोठी होती, शेजाऱ्यांनी जाड कागद वापरला होता. आमच्या घरची लहान. आमच्या पट्टीवर चौऱ्याहत्तर अंडी होती.

प्रज्ञा त्या दिवशी किनवटला गेली होती. तिने सांगून ठेवलं होतं, मामाकडची पट्टीही तुम्हीच काढा, मोजा आणि तिन्ही पुड्या आमच्या प्राणिशास्त्र विभागात नेऊन द्या. माझा मेव्हणा भास्कर बोलायला मोकळा माणूस. मी त्याच्या अंगणात बसून त्याच्याच घरातल्या भिंगाने मोजत होतो आणि तो खुर्ची ओढून शेजारी बसला.

"दाजी, आमच्या मच्छरला गोदावरीचं पाणी हाय. तुमच्या लातूरचे काय पिऊन राहिले?"

मी आकडा चुकू नये म्हणून गप्प राहिलो. तो पुढे म्हणाला, लातूरच्या मच्छराला रेशन कार्डावर पाणी मिळत असेल, महिन्याला दोन थेंब. त्याची बायको आतून म्हणाली, दाजींना मोजू द्या की. त्याच्या पट्टीवर एकाहत्तर अंडी निघाली. मी पुडी बांधली, चिठ्ठी लावली.

निघताना माझी पाण्याची बाटली अर्धी होती. तिचं झाकण बसमध्येच थोडं तडकलेलं दिसलं होतं. दारात नळ वाहत होता, भास्कर बंद करायला विसरलेला, आणि मला ती अर्धी बाटली ओतून टाकायचा धीर झाला नाही. वर्षभरही झालं नव्हतं लातूरला येऊन, पण हात लातूरचा झाला होता. झाकण घट्ट दाबलं आणि बाटली पुड्यांच्या पिशवीत ठेवली.

विभागाच्या पायऱ्या चढताना पिशवी ओली लागली. पुड्या बंद होत्या, आतल्या पट्ट्यांना काही झालं नव्हतं. चिठ्ठ्या भिजल्या होत्या. मी त्या शाईने लिहिल्या होत्या. तिन्ही चिठ्ठ्यांवर आता निळसर ढग होते. मोठी पुडी आठ नंबरची, ती ओळखू आली. उरलेल्या दोन सारख्या. चौऱ्याहत्तर आणि एकाहत्तर. एक माझ्या घरची, एक भास्करच्या.

दारातल्या शिपायाने घड्याळाकडे बघितलं आणि आत यायचं तर या म्हणाला, कपाट बंद करायचंय. मी पायरीवर दोन्ही पुड्या दोन हातांत धरून उभा राहिलो. मला आठवत होतं की माझी पट्टी मी जरा तिरकी दुमडली होती. निदान मला तसं वाटत होतं. उजव्या हातातली तिरकी दिसत होती. मी खिशातून पेन काढलं, कोऱ्या चिठ्ठ्यांवर घरांचे नंबर आणि आकडे लिहिले, उजवीला सात, डावीला दोन, बांधलं आणि देऊन आलो.

पायरीवरच्या त्या दोन मिनिटांचा मी फार विचार केला आहे. भिंग माझ्याजवळ नव्हतं, पण दाराच्या आत टेबलावर भिंगंच भिंगं होती. मी मागितलं असतं तर मिळालं असतं. दहा मिनिटांत दोन्ही पुन्हा मोजून झाल्या असत्या. मी मागितलं नाही, कारण मागताना चिठ्ठ्या भिजल्या हे सांगावं लागलं असतं. आणि प्रज्ञाने तिच्या मॅडमना, वर्गातल्या मुलींना, त्या शिपायालासुद्धा सांगून ठेवलं होतं की सात नंबरच्या घराची काळजी नको, तिथे आमचे पप्पा मोजतात, पप्पांचा आकडा चुकत नाही.

आश्विन लागल्यावर प्रज्ञाचा फोन आला. अंडी फुटून डास झाले होते, त्यांचं वाचून झालं होतं. नांदेडच्या घरांचे डास आपसात जुळत होते. लातूरच्या आठ नंबरचे वेगळे होते. आणि सात नंबरचे, आमच्या घरचे, लातूरचे असून नांदेडच्या डासांशी जुळत होते. आतलं लिहिलेलंही तसं, आणि वाळवल्यावर फुटायचं प्रमाणही तसंच. मी पहिला प्रश्न विचारला, मामाच्या घरचे कसे निघाले. ती म्हणाली, मामाच्या पुडीत मुंग्या शिरल्या, एक अंडं उरलं नाही.

म्हणजे ताळा बघायची सोय नव्हती. पुड्यांची अदलाबदल झाली असती तर दोन नंबरचे डास लातूरसारखे निघायला हवे होते. ते मुंग्यांनी खाल्ले होते.

पण प्रज्ञा वेगळ्याच आनंदात होती. तिला टिपाड आठवलं होतं. ती म्हणाली, पप्पा, आपलं टिपाड नांदेडहून आलं, घासलेलं नव्हतं, अंडी वाळून भिंतीला चिकटलेली असणार, गोधड्यांखाली झोपून आली, लातूरचं पाणी लागलं आणि उठली. आपल्याबरोबर आपले डाससुद्धा बदलीवर आले. मॅडमना हे फार आवडलंय. दिवाळीनंतर सगळ्या विभागासमोर मला यावर बोलायचंय.

फोन ठेवून मी न्हाणीत गेलो. टिपाडाकडे बघत राहिलो. ती म्हणत होती ते होऊ शकत होतं. पूर्ण होऊ शकत होतं. तळाजवळची ती दीड वीत. आणि मी पायरीवर केलं तेही असू शकत होतं. दोन कारणं, एकच आकडा. इतकी वर्षं मी वरच्या पाण्याची रेघ बघत आलो, तळाशी दोन झरे असले तर कोणत्या झऱ्याचं पाणी किती, हे रेघेवरून कधीच कळत नाही, हे मला माहीत होतं. त्याचा त्रास मात्र पहिल्यांदा झाला.

त्यानंतरचे पंधरा दिवस मी विहारात शेवटच्या रांगेत बसलो. पंचशीलातलं चौथं शील खोटं न बोलण्याचं. मी खोटं बोललो होतो का, हेच मला ठरवता येईना. मी सात लिहिलं. ते सात असेलही. असेल तर मी खरं लिहिलं, फक्त न बघता. माझ्या नोंदवहीतला कोरा रकाना डोळ्यांसमोर यायचा. कोरी चिठ्ठी का दिली नाही मी? तलावाच्या बाबतीत साहेबांपुढे जे जमलं ते मुलीच्या बाबतीत एका शिपायापुढे जमलं नाही. सांगावं तर तिच्या हातातलं सगळ्यात चांगलं फळ मीच काढून घेणार. न सांगावं तर ती जे सांगेल ते माझ्या आठवणीवर उभं राहणार, आणि ते माझी आठवण आहे हे तिला कळणारही नाही. प्रज्ञाच्या आईने दोनदा विचारलं, जेवण का जाईना. मी पित्ताचं नाव सांगितलं. ते मात्र उघड खोटं होतं.

आश्विन पौर्णिमेला वर्षावास संपला. विहारात खीर झाली, प्रज्ञा नांदेडहून आली होती. दुपारी घरात आम्ही तिघंच होतो. तिच्या हातात खिरीची वाटी होती आणि ती आईला सांगत होती, विभागात टिपाडाचं चित्र कसं दाखवणार आहे ते. मी म्हणालो, चिठ्ठ्या भिजल्या होत्या. मग सगळं सांगितलं. बाटली, पायरी, तिरकी दुमड, शिपाई. सांगायला पाच मिनिटंही लागली नाहीत.

ती वाटीतल्या खिरीकडे बघत होती. तिची आई माझ्याकडे बघत होती. प्रज्ञाने विचारलं, "पुन्हा मोजायला किती वेळ लागला असता, पप्पा?"

"दहा मिनिटं."

"मग?"

ती वाटी ठेवून उठली आणि बॅटरी घेऊन न्हाणीत गेली. मला वाटलं रडायला गेली. ती टिपाडात वाकून आतली भिंत बघत होती, बोट फिरवत होती. तळाची ती दीड वीतही. पण पौर्णिमेचं म्हणून त्या दिवशी पहाटेच तिच्या आईने टिपाड आडवं पाडून, आत डोकं घालून, काथ्याने घासून लखलखीत केलं होतं. इतक्या महिन्यांत पहिल्यांदाच. भिंतीवर काही नव्हतं. प्रज्ञाने बॅटरी विझवली.

तिची आई दारात उभी होती. म्हणाली, "मला काय म्हाईत होतं गं. सणाचं स्वच्छ असावं म्हणून घासलं." तिने अगदी बरोबर काम केलं होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी जाण्याआधी तिने वही उघडली, पेन घेतलं आणि सात नंबरच्या ओळीवर एक आडवी रेघ मारली. एकच. खालचं सगळं वाचता येत होतं. शेजारी लिहिलं, चिठ्ठी निश्चित नाही. मी दारात चपला घालत होतो, मला दिसेल अशी वही तिने धरली नव्हती, पण लपवलीही नव्हती.

दिवाळीनंतर ती विभागासमोर बोलली. बोलण्यात टिपाड नव्हतं. नांदेड वेगळं, लातूरचं एक घर वेगळं, किनवटची जात वेगळी, एवढंच. मॅडमनी विचारलं, सात नंबर का काढलं, तर तिने जे घडलं ते सांगितलं. माझं नाव घेतलं नाही, मोजणाऱ्याने चिठ्ठी आठवणीने लिहिली, असं म्हणाली. हे मला भास्करने सांगितलं, तो ऐकायला गेला होता. आणि वर म्हणाला, दाजी, तुमच्यापेक्षा आमच्या मुंग्या बऱ्या, खाल्लं ते खाल्लं, नाव बदलून दिलं न्हाई. मी हसलो. पहिल्यांदाच त्याच्या बोलण्याचा मला राग आला नाही.

हिवाळ्यात वाटी कोरडी राहिली. प्रज्ञा पास झाली, त्याच विभागात तात्पुरत्या कामावर लागली. घरी आली की ती माझ्याशी पूर्वीसारखंच बोलायची, फक्त आकडा विचारला की मी सांगेपर्यंत एक क्षण थांबायची. तो क्षण आधी नव्हता. मला वाटतो म्हणून आहे की खरंच आहे, हेही मला सांगता येणार नाही.

यंदा आषाढात तिनेच फोन केला. सात नंबरला पुन्हा वाटी लावाल का, म्हणाली. मी विचारलं, त्यावरून मागच्या वर्षीचं कळेल का? ती म्हणाली, नाही. आता नांदेडसारखे निघाले तर टिपाडाच्या गोष्टीचं बळ थोडं वाढेल. लातूरसारखे निघाले तर काहीच कळणार नाही, आईने घासलं म्हणून ते संपले असतील, किंवा कधी नव्हतेच. मी म्हणालो, मग उपयोग काय? ती म्हणाली, लावा तर.

लोक मला इथे अजून नांदेडवाले म्हणतात. नांदेडला गेलो की भास्कर लातूरकर म्हणतो. मी जन्मलो लोह्याच्या बाजूला, तिथे गेलो तर कोणी काहीच म्हणत नाही, ओळखतच नाहीत. टिपाड मात्र त्याच जागी आहे. यंदा मी ते शनिवारी घासतो तेव्हा आडवं पाडून तळापर्यंत घासतो, आणि मग शेजारी वाटी ठेवतो. प्रज्ञाच्या आईने आता विचारायचं सोडलं आहे.

काल सकाळी पट्टी काढली. यंदाची पहिली. दोन कोऱ्या चिठ्ठ्या घेतल्या, एक पुडीच्या आत घालायला, एक बाहेर बांधायला, आणि पेन्सिल. खिडकीत बसून मोजलं. अडतीस. पुन्हा मोजलं. एकोणचाळीस. पट्टीच्या कडेला एक दाणा होता, निम्मा कागदाच्या धाग्यात रुतलेला. अंडं असेल, धुळीचा कण असेल. भिंग जवळ नेलं, दूर नेलं. सुईने हलवलं तर फुटेल म्हणून हलवलं नाही. तिसऱ्यांदा मोजलं, अडतीस. चौथ्यांदा, एकोणचाळीस.

मी प्रज्ञाला फोन लावला. सगळं सांगितलं. तो एक क्षण आला.

मग ती म्हणाली, "जसं दिसून राहिलं तसंच लिहा, पप्पा."

मी चिठ्ठीवर घराचा नंबर लिहिला, तारीख लिहिली. अंड्यांच्या रकान्यात अडतीस लिहिलं. मग, नोकरीच्या इतक्या वर्षांत कोणत्याही रकान्यात कधी लिहिला नव्हता तो शब्द लिहिला. किंवा. आणि त्याच्यापुढे एकोणचाळीस.